टॉमकाकांच्या गोष्टीआधीचे कागद : अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल लोकांचं मन कशाने पालटलं?

नदीपल्याड:

मंडळी, नमस्कार. या विषयावर लिहायचं कधीपासून मनात होतं. गेल्या शनिवारी रिप्लेला जाऊन आलो आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही सिनसिनाटीत राहतो. ओहायो नदीच्या काठाकाठाने वरच्या अंगाला गेलं की रिप्ले हे छोटं गाव लागतं. गावामागे टेकडी, टेकडीवर जॉन रँकिन या धर्मोपदेशकाचं विटांचं घर. पायऱ्या चढून अंगणात पोचलो, वळून पाहिलं तर खाली नदी आणि पलीकडे केंटकी. तेव्हा त्या काठावर गुलामगिरी कायदेशीर, या काठावर बंदी. मधे फक्त हे पाणी. रात्री या घरात दिवा तेवत ठेवायचे, पळून येणाऱ्यांना पलीकडून दिसावा म्हणून. माझा नऊ वर्षांचा मुलगा कठड्याला टेकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाबा, एवढंसंच तर आहे." मला काही बोलता आलं नाही.

१८३८ च्या हिवाळ्यात एक बाई तान्हं मूल घेऊन अर्धवट गोठलेल्या नदीवरून, पायाखाली फुटणाऱ्या बर्फावरून या काठाला आली आणि रँकिन यांच्या दाराशी पोचली. ही हकीगत सिनसिनाटीत लेखिका हॅरिएट बीचर स्टोव यांच्या कानावर गेली. पुढे त्यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीत एलायझा ही गुलाम आई मुलाला छातीशी धरून बर्फावरून धावते, तो प्रसंग इथला आहे.

स्टोवबाई १८३२ ते १८५० सिनसिनाटीत होत्या. १८४९ च्या कॉलऱ्यात त्यांचा दीड वर्षाचा चार्ली गेला. मूल हिरावून नेल्यावर गुलाम आईला काय होत असेल ते मला त्याच्या थडग्यापाशी समजलं, असं त्यांनी पुढे एका पत्रात लिहिलंय. १८५० मध्ये पळालेले गुलाम परत करण्याचा नवा कायदा आला. गुलामाला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाकडे परत धाडला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. उत्तरेतल्या ज्या माणसाला आजवर 'ते तिकडचं आहे' म्हणता येत होतं, त्याच्या उंबऱ्याशीच ते येऊन उभं राहिलं. त्याच सुमारास भावजयीचं पत्र आलं : मला तुझ्यासारखं लिहिता आलं असतं, तर गुलामगिरी ही किती शापित गोष्ट आहे ते या सगळ्या देशाला जाणवेल असं काहीतरी मी लिहिलं असतं.

वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा' साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून गोष्ट क्रमशः येऊ लागली. तीनचार हप्त्यांत संपेल असा बाईंचा अंदाज होता, ती पुढचा एप्रिल उजाडेपर्यंत चालली. मार्च १८५२ मध्ये पुस्तक निघालं आणि वर्षभरात अमेरिकेत ३ लाख प्रती गेल्या. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास होती. इंग्लंडात तर दहा लाखांच्या वर खपलं.

इतकं बहुतेकांना माहीत असतं. मला बोलायचंय ते त्यामागच्या कागदांबद्दल. १८३९ मध्ये 'अमेरिकन स्लेव्हरी अ‍ॅज इट इज' नावाचं पुस्तक निघालं. थिओडोर वेल्ड, त्यांची बायको अँजेलिना ग्रिम्के आणि मेहुणी सारा यांनी ते केलं. या बहिणी चार्ल्सटनच्या, गुलाम बाळगणाऱ्या न्यायाधीशाच्या मुली. दोघी सहा महिने रोज दक्षिणेतली वर्तमानपत्रं चाळत बसल्या, वीस हजारांहून जास्त अंक, आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती कात्रीने कापून काढल्या. त्यातली एक नॉर्थ कॅरोलायनातल्या मालकाची, १८३८ ची. बाई दोन मुलांसह पळाली आहे, ओळखायची खूण अशी की पळण्याआधी काही दिवस मी तिच्या डाव्या गालावर तापल्या लोखंडाने डागलं आहे, 'एम' अक्षर काढायचा प्रयत्न केला होता.

'प्रयत्न केला होता.' वर्गातल्या पोराने पाटीवर काढावं तसं. ही कुणा विरोधकाची निंदा नाही, मालकाने स्वतः पैसे भरून छापलेला मजकूर आहे. त्या पुस्तकात लेखकांनी मालकांनाच बोलू दिलं. वर्षभरात लाखभर प्रती गेल्या. स्टोवबाईंनी कादंबरीसाठी त्याचा भरपूर आधार घेतला.

माझं म्हणणं एवढंच, की कादंबरीने डोळ्यांत पाणी आणलं खरं, पण ती या कात्रणांवर आणि गुलामांच्या स्वतःच्या साक्षींवर उभी होती. त्या साक्षींवर मात्र लोक पटकन विश्वास ठेवायला तयार नव्हते. ज्यांनी हे साहित्य वाचलंय त्यांनी लिहा. मुलाला काय वाचायला देऊ, तेही सुचवा.

सुमेधा_व:

फार छान धागा. ती जाहिरात वाचून थांबले आणि ताटावरून उठले.

एक विचारू का? यादवी युद्धाच्या काळात लिंकन स्टोवबाईंना भेटल्यावर म्हणाले होते ना, की हे एवढं मोठं युद्ध सुरू करणाऱ्या छोट्याशा बाई त्या तुम्हीच का? आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलं होतं.

नदीपल्याड:

सुमेधाताई, भेट खरी आहे, १८६२ च्या अखेरीस व्हाइट हाउसमध्ये झाली. वाक्य मात्र छापात येतं ते १८९६ साली, लिंकन जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर. भेटीनंतर बाईंनी नवऱ्याला पत्र लिहिलं, त्यातही ते नाही. मी ते वाक्य सांगायचं सोडून दिलंय. पुस्तकाचं वजन सांगायला खपाचे आकडे पुरेसे आहेत.

कापूसकोंड्या:

धागा चांगला आहे, पण मला वेगळं वाटतं ते स्पष्टच लिहितो.

१७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापसाचं सगळं गणित बदललं. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. म्हणजे सत्तर वर्षं कविता, पत्रकं, प्रवचनं चालू होती आणि संख्या वाढतच होती. युद्धाआधी अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. एवढा पैसा ज्या व्यवस्थेत अडकलाय ती पुस्तकाने मोडत नाही. ती मोडली युद्धाने, आणि युद्ध पेटलं ते पश्चिमेकडच्या नव्या मुलखात गुलामगिरी चालेल की नाही या भांडणातून. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. आमच्या खानदेशात कापसाचा भाव काय काय करू शकतो ते मी लहानपणापासून बघत आलोय. पुस्तकं वाचून हळहळणारे लोक त्याच कापसाचे सदरे घालत होते.

मास्तर_वाई:

कापूसकोंड्या, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. पण मला एक सांगा. पुस्तकाने काही होत नसेल तर मालक लोक कागदाला एवढे का भ्यायले?

डेव्हिड वॉकर हा स्वतंत्र काळा माणूस, बॉस्टनच्या धक्क्याजवळ जुन्या कपड्यांचं दुकान चालवायचा. १८२९ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका छापली. दक्षिणेकडे जाणाऱ्या खलाशांच्या कपड्यांच्या अस्तरात शिवून ती पाठवली जायची. जॉर्जियाने त्यावर घाईघाईने कायदे केले. १८३५ मध्ये चार्ल्सटनमध्ये जमावाने टपाल कचेरी फोडली आणि उत्तरेतून आलेली गुलामगिरीविरोधी पत्रकं जाहीरपणे जाळली. १८३६ ते १८४४ संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत असा नियम होता. इलिनॉयमधल्या आल्टनला एलायजा लव्हजॉय हा संपादक नोव्हेंबर १८३७ मध्ये मारला गेला, स्वतःचं छापण्याचं यंत्र वाचवताना. आधीची यंत्रं जमावाने नदीत फेकली होती.

आणि सॅम्युएल ग्रीन. मेरीलँडचा. गुलामीतून सुटून धर्मोपदेशक झालेला. १८५७ मध्ये त्याच्या घराची झडती झाली. कॅनडाचा नकाशा सापडला, आगगाड्यांची वेळापत्रकं सापडली, मुलाची पत्रं सापडली. गुलामांना पळवतो हा आरोप काही सिद्ध होईना. शेवटी शिक्षा कशाबद्दल झाली? घरात 'अंकल टॉम्स केबिन'ची प्रत होती म्हणून. दहा वर्षं. १८६२ मध्ये राज्य सोडून जायच्या अटीवर सुटका झाली.

पुस्तक घरात ठेवलं म्हणून दहा वर्षं! कापसाच्या पैशाला ज्याची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी कुणी तुरुंग राखून ठेवत नाही.

कापूसकोंड्या:

मास्तर, सॅम्युएल ग्रीनबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझं विधान थोडं मागे घेतो. पुस्तकाने व्यवस्था मोडली नाही, हे अजून म्हणेन. पण उत्तरेतल्या माणसाला 'मला काय त्याचं' म्हणणं अवघड करून ठेवलं, हे मान्य. १८६० साली ज्यांनी लिंकनना मत दिलं त्यातले कितीतरी जण लहानपणी हे पुस्तक घरात मोठ्याने वाचलेलं ऐकत मोठे झाले असणार.

अंगणवेल:

नदीपल्याड, साक्षींवर विश्वास न ठेवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथे मी अडकले. म्हणून हे जरा लांबलचक.

गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र १८४५ चं. शीर्षकातच छापलंय, 'स्वतः लिहिलेलं'. हे सांगावं लागत होतं. पुढे दोन गोऱ्या पुढाऱ्यांची प्रस्तावना आणि पत्र, म्हणजे एका अर्थी जामीनच. तरी डेलावेअरमधल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिलं, की मी या माणसाला ओळखत होतो, तेव्हा तो फ्रेड बेली होता, अडाणी होता, असलं पुस्तक तो लिहूच शकत नाही. डग्लसनी त्याचे जाहीर आभार मानले! कारण मी मेरीलँडमध्ये गुलाम होतो याला त्या गृहस्थाने आपणहून दुजोरा दिला होता. आधी लोक म्हणायचे की इतकं चांगलं बोलणारा माणूस गुलाम असूच शकत नाही.

आणि हॅरिएट जेकब्स. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनची. मालक मागे लागलेला, म्हणून आजीच्या घराला लागून असलेल्या पडवीच्या माळ्यावर लपली. लांबी नऊ फूट, रुंदी सात फूट, उंची सर्वांत उंच जागी तीन फूट. जवळजवळ सात वर्षं. मी घरात टेप घेऊन मोजलं. आमचं जेवणाचं टेबल अडीच फुटांचं आहे. टेबलाखाली शिरून बसले, मान खाली घालून. दहा मिनिटांत कंबर धरली. आमच्या दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात तिचा तो सगळा माळा मावला. तिने गिरमिटाने फळीला भोकं पाडली होती, त्यातून खाली अंगणात खेळणारी स्वतःची मुलं दिसायची. त्यांना हाक मारायची सोय नव्हती. आई उत्तरेला पळून गेलीय, असंच मुलांना वाटत होतं.

तिथून तिने मालकाला पत्र लिहिलं, न्यूयॉर्कहून लिहितेय असं भासवून. रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर कुठून आणायचा? न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा अर्धा कागद मिळाला होता, त्यातून. पत्र खरोखरच न्यूयॉर्कच्या टपालात पडेल अशी व्यवस्था केली. मालक ते घेऊन आजीकडे आला आणि मजकूर बदलून खोटाच वाचून दाखवला. ही वर बसून ऐकत होती. साहित्याने मत घडतं वगैरे आपण म्हणतो. हिने एका पत्राने मालकाला हजार कोसांवर शोधायला लावलं.

आता मला टोचणारी गोष्ट. पुढे उत्तरेत पळून आल्यावर जेकब्सने आपली कहाणी लिहिण्यासाठी स्टोवबाईंची मदत मागितली होती. बाईंनी काय केलं? कहाणी खरी आहे का हे विचारायला ती जेकब्सच्या मालकिणीकडे पाठवली, जिच्या घरी ती तेव्हा कामाला होती आणि जिला तिने सगळं सांगितलेलं नव्हतं. वर, ती मी माझ्या पुढच्या पुस्तकात वापरते, असं कळवलं. कादंबरीतलं खरं किती हे दाखवायला त्या १८५३ मध्ये पुराव्यांचं पुस्तक काढत होत्या, त्यात. जेकब्सला फार लागलं. मग ती स्वतः लिहायला बसली. दिवसभर मालकिणीची मुलं सांभाळायची आणि रात्री लिहायचं. पुस्तक आलं १८६१ मध्ये, टोपणनावाने, युद्ध तोंडावर असताना. ते हिने स्वतः लिहिलंय हे अभ्यासकांनी पटवून द्यायला १९८० चं दशक उजाडलं.

स्टोवबाईंचं मोठेपण मी नाकारत नाही. पण त्यांच्या तीन लाख प्रती आणि हिचा एक माळा, हे दोन्ही एकत्र सांगितलं गेलं पाहिजे.

सुमेधा_व:

अंगणवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलं खाली खेळतायत आणि हाक मारता येत नाही. काय लिहू?

रानजाई:

माझी बाजूही लिहिते. कॉलेजात असताना मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' मी तीनदा वाचली. स्कार्लेटसाठी रडले. तिच्या घरातली मॅमी मला प्रेमळ, घरच्या मोलकरणीसारखी वाटली होती. ती कुणाची आई होती का, तिची माणसं कुठे विकली गेली, हा प्रश्न वीस वर्षांच्या मला पडलाच नाही. १९३६ चं ते पुस्तक माझ्यापर्यंत पुण्यात पोचलं आणि जेकब्स पोचली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा साहित्याने मत घडतं हे खरं, पण ते दोन्हीकडे घडतं. स्टोव यांच्या पुस्तकानंतर लगेच दक्षिणेतून उत्तरादाखल कादंबऱ्या निघाल्या, पहिली तर त्याच वर्षी. मालक दयाळू, गुलाम सुखी, असा मामला. युद्ध हरल्यावर तर हाच सूर उत्तरेतही आवडू लागला. टॉमस डिक्सन यांची १९०५ ची 'द क्लॅन्समन', तिच्यावरून १९१५ चा मूकपट, आणि तो बघून कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना पुन्हा उभी राहिली. आणि बिचारा टॉम! मूळ पुस्तकात तो दोन पळालेल्या बायकांचा ठावठिकाणा सांगायला नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. गावोगावच्या नाटकांनी त्याला म्हातारा, लाचार करून टाकलं, आणि आज 'अंकल टॉम' ही शिवी आहे. काळे लेखक जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ च्या लेखात मूळ कादंबरीलाही सोडलेलं नाही. तिच्या भावविवशतेवर त्यांचा राग आहे. तो मला आता समजतो.

मास्तर_वाई:

रानजाई, वाईट वाटून घेऊ नका. आपल्यापैकी अनेकांना अमेरिकेतली गुलामगिरी पहिल्यांदा भेटली ती वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मधून. आई पळवून नेलेली, आणि ते आजारी पोर एका घोड्याच्या बदल्यात परत मिळवलेलं. माझ्या वर्गात हा भाग वाचताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. नदीपल्याड, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला तेच द्या. मराठी वाचत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

दुसरं, जोतीरावांचं नाव अजून कसं आलं नाही? १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका काढून बघा. युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य आणि निरपेक्षता दाखवली, त्याबद्दल त्यांच्या सन्मानार्थ ते पुस्तक अर्पण केलंय, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता घ्यावा अशी इच्छा धरलीय. अमेरिकेत तेरावी घटनादुरुस्ती झाली डिसेंबर १८६५ मध्ये, इकडे आठ वर्षांच्या आत पुण्यातला माणूस ती चळवळ आपल्या शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नाशेजारी ठेवून बघतो. 'गुलामगिरी' संवादरूपात आहे, धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात.

डग्लस बारातेरा वर्षांचे असताना त्यांनी ५० सेंटला भाषणांचं एक शालेय पुस्तक विकत घेतलं, त्यातही मालक आणि गुलाम यांचा संवाद होता. त्यात गुलाम इतकं मुद्देसूद बोलतो की मालक त्याला सोडून देतो. या दोन संवादांचा एकमेकांशी संबंध नाही, पण वाचताना मला दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

आणि अक्षरं कशी शिकले? मालकीण शिकवत होती, मालकाने बंद पाडलं. मग खिशात पाव ठेवायचे आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन धडे घ्यायचे. लिहायला शिकले जहाजाच्या कारखान्यात. तिथे सुतार लाकडाच्या तुकड्यांवर तो भाग जहाजात कुठे बसायचा त्याची अक्षरं घालायचे. त्यातलीच चार अक्षरं खडूने गिरवली. छत्तीस वर्षं मी फळ्यावर खडूने लिहिलं, पण लाकडावरची ती चार अक्षरं वाचल्यापासून खडू हातात घेताना दरवेळी आठवतात.

कापूसकोंड्या:

मास्तर, 'गुलामगिरी' घरात आहे. अर्पणपत्रिका आजवर नुसती उलटून पुढे गेलो होतो. आत्ता काढून वाचली.

अंगणवेल:

नदीपल्याड, एक राहिलं. रँकिन नुसते दिवाच लावत होते की लिहीतही होते? त्यांची काही पत्रं होती असं कुठेतरी वाचलंय.

नदीपल्याड:

हो, आणि ते मुद्दाम शेवटी लिहायचं ठेवलं होतं. रँकिन रिप्लेत येऊन थोडीच वर्षं झाली होती. व्हर्जिनियात राहणाऱ्या भावाने, थॉमसने, गुलाम विकत घेतल्याची बातमी त्यांना कळली. त्यांनी भावाला पत्रं लिहायला घेतली. ती गावच्या वर्तमानपत्रात आली आणि १८२६ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. स्टोवबाईंची गोष्ट यायला अजून पंचवीस वर्षं होती. पुढे गॅरिसन, 'लिबरेटर' हे पत्र १८३१ पासून पस्तीस वर्षं चालवणारे, या पुस्तकाला फार मानायचे.

त्या टेकडीवर हे ऐकल्यावर मुलाने लगेच विचारलं, "मग भावाने ऐकलं का?"

ऐकलं. थॉमसने पुढे आपले गुलाम मुक्त केले.

मास्तर, 'कार्व्हर' आईकडून मागवलंय. पुढच्या महिन्यात तिच्यासोबत येईल.